काचेतलं शांत पाणी

पहिल्या भेटीत मुकादमबाईंना वाटलं, ह्या माणसाचं काहीतरी हरवलंय.

रुग्णालयाच्या धुलाईघरात त्या त्या दिवशीच रुजू झाल्या होत्या. शेजारच्या बॉयलरघराच्या दारात एक उंचापुरे, गोलमटोल गृहस्थ त्यांना नमस्कार करायला वाकले. वाकले ते वाकलेच. खिशातलं पेन पडलं, चष्म्याचं घर पडलं, प्रार्थनासभेचं पत्रक पडलं, पाठोपाठ एक पाना खणकन फरशीवर आपटला, तरी गृहस्थ काही वर येईनात. तेवढ्या वेळात एक अख्खी चादर धुऊन, वाळून, इस्त्री होऊन कपाटात गेली असती. शेवटी मुकादमबाईही वाकल्या आणि फरशी न्याहाळत म्हणाल्या, "काय पडलंय नेमकं? बटण का?"

"काही नाही, बाई," खालून आवाज आला. "मी आपला एक नम्र सेवक."

"मग वर या. सेवकाची पाठ धरली तर बॉयलर कोण बघणार?"

धुलाईघरातल्या अकरा जणींनी त्याच दिवशी त्यांचं नाव 'नम्रकाका' ठेवलं. ते थट्टेनं ठेवलंय हे काकांच्या लक्षात आलं नाही. उलट संध्याकाळी जेवताना ते बायकोला म्हणाले, "लोक काय वाटेल ते म्हणतात गं. मला तर ऐकून लाज वाटते." हे त्यांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सुरू केल्यावर बायको म्हणाली, "अहो, लाज वाटते ना? मग खाली मान घालून जेवा."

माणूस मात्र सोन्यासारखा. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली सायकल काकांची दारात. कुणी गेलं की कबरीचा खड्डा खणण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळीकडे काका. फक्त ह्या सगळ्यावर त्यांची स्वतःची एक नजर असायची, लेकरावर आईची असते तशी. चर्चच्या मंडळीत ते सर्वांत मागच्या बाकावर बसत, आणि ती जागा मिळावी म्हणून उपासनेच्या अर्धा तास आधी येत. चुकून दुसरं कुणी तिथे बसलंच, तर काका शेजारी उभे राहून इतक्या दुःखी चेहऱ्यानं गीत म्हणत, की दुसऱ्या कडव्यापर्यंत तो बिचारा आपण होऊन पुढे सरके. त्यांची प्रार्थना 'प्रभो, आम्ही केवळ धूळ' अशी सुरू होई आणि मग धुळीचं वर्णन वीस मिनिटं चाले.

पुढे काकांच्या मुलानं आणि मुकादमबाईंच्या मुलीनं आपापसात ठरवून टाकलं आणि हे दोघे व्याही-विहीण झाले. त्यामुळे थट्टेला हक्काची जागा मिळाली.

काकांच्या बॉयलरघराच्या दारावर एक काळा फळा होता. 'बंद न पडता दिवस' असं वर रंगवलेलं, आणि खाली रोज सकाळी काका स्वतः खडूनं आकडा लिहीत. वर्षाच्या तपासणीला बॉयलर आठवडाभर गार असे, ते दिवस ते धरत नसत. "ती त्याची हक्काची रजा," म्हणत. येत्या रविवारी हा आकडा दहा हजार होणार होता. मंडळीनं त्याच दिवशी उपासनेनंतर सत्कार ठेवला होता. आणि पाळकसाहेबांनी, बहुधा डोळा मिचकावत, काकांना बोलायला विषय दिला होता: 'गर्वापासून सावध कसं राहावं'.

काकांनी चौदा पानं लिहिली. पहिल्या चार पानांत गर्व म्हणजे काय ते होतं आणि उरलेल्या दहांत तो काकांना कसा कधीच झाला नाही ते.

आता इथे बॉयलरबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बॉयलर म्हणजे आडवं निजलेलं प्रचंड लोखंडी पिंप. पोटात नळ्या, नळ्यांत आग, नळ्यांभोवती पाणी. पाणी नळ्यांच्या वर आहे तोवर तो गरीब गाय. पाणी खाली गेलं की नळ्या तापून लाल होतात. आणि लाल नळ्यांवर कुणी घाबरून गार पाणी सोडलं, तर त्याची एका क्षणात इतकी वाफ होते की भिंत, छप्पर आणि पलीकडची माणसं ह्यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो. म्हणून आतलं पाणी बाहेरून दिसावं अशा दोन उभ्या काचा पुढे बसवलेल्या असतात. प्रत्येक पाळीला काचेखालची तोटी उघडून काच 'झाडायची' असते: आतलं पाणी बाहेर सोडायचं, तोटी बंद करायची आणि पाणी पुन्हा झरकन वर येतं की नाही ते बघायचं. काकांनी हे किती जणांना शिकवलं असेल! शिकवताना एक वाक्य ते पाठ करून घेत: "काचेत पाणी दिसेना, तर आग आधी, माणसं मग, पाणी कधीच नाही."

सत्काराच्या दोन आठवडे आधी उजवीकडच्या काचेची तोटी गळायला लागली. ती बदलायची तर अर्धा दिवस बॉयलर थांबवायला लागणार. आणि अर्धा दिवस थांबवला तर फळ्यावर शून्य. काकांनी ती काच दोन्हीकडून बंद केली आणि तिच्यावर आपला ॲप्रन टांगून ठेवला. दुपारच्या पाळीवाल्याला सांगितलं, "नवी तोटी मागवलीय." मागवली नव्हती. डावी काच आहे की, असं त्यांनी मनाला समजावलं. मनाला समजावण्यात काकांचा हातखंडा होता.

गुरुवारी सकाळी त्यांनी फळ्यावर ९,९९७ लिहिलं, बर्नर मोठा केला आणि भाषणाची तालीम सुरू केली. डाव्या काचेत आपला चेहरा दिसतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून तिच्यासमोर उभं राहून ते नवव्या पानासाठी नम्र चेहरा शोधत होते. भुवया वर केल्या की आश्चर्य वाटल्यासारखं दिसे, खाली केल्या की पोट दुखल्यासारखं. ह्या गडबडीत त्या दिवशी काच झाडायची राहिली.

साडेनऊला विहीणबाई दारात उभ्या राहिल्या.

"व्याही, तुमचा पंप आज खोकला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खोकला नाही. बारा वर्षं भिंतीला पाठ लावून बसतेय मी. तासाला तीनदा खोकतो तो. आज सातला एकदा खोकला, तेवढाच."

"पाणी भरपूर आहे, म्हणून पंप लावला नाही. ही बघा काच. अर्ध्याच्या वर आहे."

"मला काच कळत नाही. मला खोकला कळतो."

"विहीणबाई, मी अगदी नम्रपणे सांगतो..."

"झालं. तुम्ही नम्रपणे सांगायला लागलात की समोरच्यानं डबा उचलून घरी जावं."

काकांना ते झोंबलं. हातातली पानं त्यांनी काखेत धरली. "सत्तावीस वर्षं हा बॉयलर कोण चालवतंय? मी का तुम्ही? तुम्ही आपल्या चादरी बघा. चादरी तुमच्या, वाफ माझी."

विहीणबाईंनी पदर खोचला. "बरं," त्या म्हणाल्या. "वाफ तुमची. फुटली तर मात्र सगळ्यांची." आणि त्या गेल्या.

काकांनी पुन्हा नववं पान उघडलं. 'आपल्याहून कमी जाणणाऱ्याचंही शांतपणे ऐकून घ्यावं,' असं तिथे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं. वाक्य त्यांना फार आवडलं. त्याच्याखाली त्यांनी रेघ मारली, आणि ते पुन्हा काचेत चेहरा बघायला वळले.

चेहरा फार स्वच्छ दिसत होता.

चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी कधी स्वस्थ नसतं. बोटभर वर, बोटभर खाली, त्याचा नाच चालूच असतो. त्यात चेहरा असा कधी दिसत नाही, तुकड्यातुकड्यांनी दिसतो. आज पाणी तळ्यासारखं शांत होतं. आणि गेला तास-दीड तास ते तसंच शांत होतं, कारण तेवढा वेळ काका त्यात स्वतःला बघत होते.

काकांच्या हातातून पानं निसटली. त्यांनी खाली हात घातला आणि तोटी उघडली. पाणी भसकन बाहेर पडलं. तोटी बंद केली. काचेत काहीच वर आलं नाही. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. काच रिकामी. आत फक्त वाफेचे दोन थेंब हळूहळू घरंगळत होते. खालची वाट क्षार साचून बुजली होती, आणि काका ज्याला पाणी समजत होते ते वरून उतरलेल्या वाफेचं साचलेलं पाणी होतं.

त्यांनी उजव्या काचेवरचा ॲप्रन ओढून काढला, तिच्या तोट्या उघडल्या. गळती सुरू झाली, वाफ फिस्कारली. ती काचही तळापर्यंत रिकामी होती.

पंपाचं बटण हातभर अंतरावर होतं. हिरवं, गुळगुळीत, त्यांच्याच अंगठ्यानं झिजलेलं. काकांचा हात त्यावर जाऊन टेकला तेव्हा तो कुणी नेला हे त्यांना कळलं नाही.

पाच मिनिटं पंप लावला की झालं, असं कुणीतरी त्यांच्या आत बोलत होतं. पाणी कदाचित नळ्यांच्या जरासंच वर असेल. काचेत दिसत नाही म्हणजे संपलंच असं थोडंच आहे? फळा राहील. रविवार राहील. कुणाला काही कळायचं नाही. आवाज ओळखीचा होता. दोन आठवड्यांपूर्वी ॲप्रन टांगताना हाच बोलला होता.

त्यांनी डोळे मिटले. "प्रभो, आम्ही केवळ धूळ..." तोंडातून सवयीनं निघालं आणि पुढे काही येईना. मग आलं ते हे: "प्रभो, फक्त तीन दिवस." आपण काय मागतोय हे त्यांना ऐकू आलं. भिंतीपलीकडे बारा बायका होत्या आणि हे गृहस्थ फळ्यासाठी प्रार्थना करत होते.

पलीकडे कुणीतरी हसलं. विहीणबाईंचा आवाज आला, "हसताय काय, उशांच्या खोळी उलट्या घातल्यात!" 

काकांनी बटणावरचा हात उचलला. तो उचलायला त्यांना दुसऱ्या हाताची मदत घ्यावी लागली. मग त्यांनी बर्नर बंद केला. आगीचा घुमणारा आवाज एकदम थांबला, आणि त्या शांततेत लोखंडातून टक्... टक्... असा बारीक आवाज येऊ लागला.

ते धावले. धुलाईघराचं दार ढकलून ओरडले, "बाहेर! सगळ्या बाहेर, अंगणाच्या पलीकडे!"

"काय झालं? उंदीर?" एकीनं विचारलं.

"पाणी संपलंय. माझी चूक आहे. बाहेर व्हा!"

विहीणबाईंनी काकांच्या तोंडून 'माझी चूक' हे दोन शब्द बारा वर्षांत ऐकले नव्हते. त्यांना आणखी पुरावा लागला नाही. "टाका ते हातातलं! चला!" त्या गरजल्या, आणि एकेकीच्या पाठीवर थाप मारत मोजत सुटल्या. दहा झाल्या. अकरावी, ऐकायला कमी येणारी, वाळवणीच्या खोलीत चादरींच्या मागे गाणं गुणगुणत उभी होती. विहीणबाई तिला दंडाला धरून बाहेर ओढत आल्या तेव्हा ती म्हणत होती, "अहो पण माझ्या चपला!"

अंगणाच्या पलीकडे, भिंतीच्या आडोशाला सगळ्या उभ्या राहिल्या. काका सर्वांत पुढे. टक् टक् इथे ऐकू येत नव्हतं, आणि ते जास्त वाईट होतं.

तेवढ्यात रुग्णालयाचे व्यवस्थापक तरातरा आले. "काका, वाफ का गेली? शस्त्रक्रियेच्या चादरी अडकल्यात!"

"बॉयलर बंद केलाय, साहेब. पाणी खाली गेलंय."

"मग पंप लावा की. त्यात काय एवढं?"

"आता पाणी द्यायचं नसतं."

व्यवस्थापकांनी काकांना दोन पावलं बाजूला नेलं, आवाज खाली आणला. "हे बघा, रविवारी सत्कार आहे तुमचा. मीही येतोय. थोडं भरा, हळू भरा. कागदावर काही यायची गरज नाही. एवढ्या वर्षांत तुमच्या हातून कधी चूक झालीय का?"

ह्या वाक्यासाठी एरवी काका मैलभर चालत गेले असते. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मागे बारा जणी कान टवकारून उभ्या होत्या, त्यातली बहिरीसुद्धा.

"झालीय," ते म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दोन आठवड्यांपूर्वी एक काच गळायला लागली. मी ती बंद करून झाकून ठेवली. फळ्यासाठी. आज दुसरी तपासली नाही. विहीणबाई सांगायला आल्या, तर त्यांना चादरी बघा म्हणालो. तुम्ही आत जाऊ नका, साहेब. मीही जाणार नाही. कुणालाच जाऊ देणार नाही."

व्यवस्थापक तरातरा आले होते तसेच तरातरा फोनकडे गेले.

चादरी दुसऱ्या रुग्णालयातून मागवल्या. बॉयलर गार व्हायला दुसरा दिवस उजाडला. तोवर दाराला साखळी लावून काका अंगणातल्या ओट्यावर बसून राहिले. दुपारी विहीणबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"व्याही, हात असा धरून का बसलायत?"

"पंपावर ठेवला होता," काका म्हणाले. "बटणावर. बराच वेळ."

विहीणबाईंनी कप त्यांच्या हातात न देता ओट्यावर ठेवला. "मी पलीकडे होते," त्या म्हणाल्या.

"माहीत होतं."

"माहीत असूनही?"

"माहीत असूनही, विहीणबाई."

त्या तशाच बसून राहिल्या. चहा गार झाल्यावर त्यांनी तो ओतून टाकला आणि दुसरा आणून दिला.

शनिवारी तपासनीस आत उतरले. वरच्या तीन नळ्या फुगल्या होत्या. "पाणी सोडलं असतं ना..." एवढंच ते म्हणाले आणि धुलाईघराच्या भिंतीकडे बघत राहिले.

रविवारी सत्कार झाला नाही. काकांनी पाळकसाहेबांकडे दोन मिनिटं मागून घेतली. चौदा पानं त्यांनी नेलीच नव्हती. ते उभे राहिले, झालं ते जसं झालं तसं सांगितलं, फळ्यासाठी प्रार्थना केली तेही सांगितलं, आणि म्हणाले, "मला वाटायचं, मी मागच्या बाकावर बसतो म्हणजे मी वाचलो. माझ्यासाठी प्रार्थना करा. मला स्वतःसाठी करता येत नाही, मध्येच मी येतो." आणि बसले.

बायकोबरोबर घरी जाताना अर्ध्या वाटेवर काका हळू चालू लागले. मग म्हणाले, "ऐकलंस का, कसं वाटलं गं माझं बोलणं?"

"चांगलं होतं."

"नाही, म्हणजे... बऱ्याच जणांचे डोळे ओले झाले होते. पुढच्या रांगेत तर..."

बायको रस्त्यातच थांबली.

काकांनी तोंड मिटलं. मग त्यांना हसू फुटलं, मग एकदम रडू आलं, आणि ते म्हणाले, "बघ. अजून आहेच. जातच नाही गं ते."

"जाणार कुठे?" बायको म्हणाली. "रोज झाडायचं. चला."

चौकशीनंतर काकांकडून बॉयलर काढून घेतला. निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेवढे त्यांना धुलाईघरात विहीणबाईंच्या हाताखाली चादरींच्या घड्या घालायला बसवलं. त्यांच्या घड्या शेवटपर्यंत तिरक्या येत, आणि त्या दुसऱ्या कुणालातरी पुन्हा घालाव्या लागत.